कार्कासोनची छपरे: एका फ्रेंच तटबंद नगराच्या जीर्णोद्धाराचा प्रकरण अभ्यास

दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन या तटबंद नगराचा जागतिक वारसा यादीसाठीचा प्रस्ताव १९८५ मध्ये पुढे ढकलण्यात आला. युजेन व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात केलेल्या कामामुळे या मध्ययुगीन नगराच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली जात होती, हे त्यामागचे मुख्य कारण होते. पुढे १९९७ मध्ये तेच नगर यादीत दाखल झाले, आणि या वेळी नोंदीच्या समर्थनार्थ दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: प्राचीन काळाच्या अखेरीस उभारलेल्या भिंतींवर चढवलेली मध्ययुगीन तटबंदी, आणि व्हियोले-ल-द्यूकने केलेला जीर्णोद्धार, ज्याचा वास्तुजतनाच्या पुढील तत्त्वांवर आणि व्यवहारावर खोल परिणाम झाला. चोपडीत नावे टाकलेली रक्कम पुढच्या पानावर जमेस धरावी तसा हा प्रकार आहे. तो हिशेबाचा घोळ आहे की हिशेबाची योग्य दुरुस्ती, हे ठरवायचे तर आधी तटाकडे, मग तट वाचवणाऱ्यांकडे आणि शेवटी छपरांकडे पाहावे लागते.

जागा आणि तिचे दोन भाग

कार्कासोन हे तुलूझ आणि नार्बोन या शहरांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. उत्तरेला माँतान्य न्वार, म्हणजे शब्दशः ‘काळा डोंगर’, आणि दक्षिणेला पिरेनीज पर्वतरांगेकडे चढत जाणारा कोर्बिएरचा डोंगराळ प्रदेश, यांच्यामधील खिंडीसारख्या सखल पट्ट्यातून ही वाट जाते. अटलांटिक महासागराच्या बाजूकडून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्याला हीच वाट सोयीची असल्याने तिच्यावर नजर ठेवणारी टेकडी ज्याच्या हाती, त्याला जकात, व्यापार आणि सैन्याच्या हालचाली या तिन्हींवर हुकमत मिळत असे. ओद नदीच्या उजव्या तीरावरील अशाच एका टेकडीवर ‘ला सिते’ हे तटबंद नगर आहे. नदीच्या डाव्या तीरावर सपाटीवर वसलेले खालचे शहर ‘बास्तीद सें-लुई’ या नावाने ओळखले जाते आणि आज कार्कासोनमधील लोकांचे दैनंदिन जीवन, बाजार व कचेऱ्या मुख्यतः तिथेच आहेत. वरच्या नगरात कायमचे राहणारे रहिवासी आता अगदी मोजके उरले आहेत, आणि दरवर्षी येणाऱ्या पर्यटकांची संख्या मात्र वीस लाखांच्या घरात सांगितली जाते.

वरच्या नगराभोवती एकात एक असे दोन तट आहेत. दोन्हींची एकत्रित लांबी सुमारे ३ किलोमीटर असून त्यांवर ५२ बुरूज आहेत. गडकोटांच्या मराठी शब्दांत सांगायचे तर आत उंच तट आणि बाहेर त्याहून बुटका पडकोट अशी ही रचना आहे. दोहोंमधील मोकळ्या सपाट पट्ट्याला फ्रेंचमध्ये ‘लीस’ म्हणतात. बाहेरचा तट ओलांडून आत शिरलेला शत्रू या पट्ट्यात आडोशाविना सापडे आणि आतल्या उंच तटावरील जंग्या (माऱ्यासाठीची भोके) व चर्या (तटाच्या माथ्यावरील दातेरी कठडा) यांमधून त्याच्यावर मारा करता येई. पश्चिमेकडील बिशपचा बुरूज तर दोन्ही तटांवर पाय ठेवून उभा आहे, त्यामुळे लीसमधून पुढे सरकणारी वाट त्याच्याखालूनच काढावी लागते. आडव्या पडलेल्या कुलपासारखे हे काम एकट्या त्या बुरुजापाशी थांबून पाहण्याजोगे आहे.

तट वाचायचा कसा

या प्रकरणात छपरांचीच चर्चा इतकी झाली आहे की भिंतींकडे लक्ष द्यायचे राहून जाते. वास्तविक कार्कासोनचे खरे धन भिंतींत आहे. आतल्या तटाच्या उत्तरेकडील भागासमोर उभे राहिले की निरनिराळ्या काळांची बांधणी साध्या डोळ्यांनी वेगळी काढता येते. लहान, जवळपास सारख्या आकाराच्या दगडांचे थर आणि त्यांच्यामधून जाणारे विटांचे आडवे पट्टे ही रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील बांधणी होय. या काळातील बुरूज घोड्याच्या नालाच्या आकाराचे आहेत: बाहेरच्या बाजूला गोलाई, गावाकडच्या बाजूला सपाट पाठ. त्याउलट पूर्वेकडील नार्बोन दरवाजा आणि त्याच्या आसपासचे बुरूज तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, फिलिप तिसरा या राजाच्या काळातील आहेत. तिथल्या मोठ्या घडीव दगडांचा दर्शनी मधला भाग मुद्दाम उशीसारखा फुगीर ठेवलेला असल्यामुळे हे राजाचे काम लांबूनही ओळखू येते.

काही ठिकाणी मात्र हा वाचनाचा क्रम उलटा होतो, आणि जाणकारांना कार्कासोनचे आकर्षण वाटते ते बहुधा याच जागांमुळे. इमारतीत खालचे जुने आणि वरचे नवे असते हा साधा नियम इथे चालत नाही. तेराव्या शतकात बाहेरचा तट उभारताना दोन तटांमधील जमीन खोदून सपाट केली गेली, तेव्हा रोमन भिंतीचा पायाच उघडा पडला. भिंत पाडून नव्याने बांधण्याऐवजी राजाच्या गवंड्यांनी तिला खालून टेकू देत नवा पाया भरला. त्यामुळे काही भागांत चौथ्या शतकाच्या सुमाराची भिंत वर आणि तिला तोलून धरणारे तेराव्या शतकाचे बांधकाम खाली, असे दृश्य दिसते. काही जुने भाग कललेलेही आहेत. त्या कामात किती जोखीम होती याची कल्पना त्या कललेल्या भिंतींकडे पाहूनच येते.

लढाया, राजे आणि विस्थापित लोक

रोमनांनंतर पाचव्या शतकात हे नगर व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांकडे गेले, ७२५ मध्ये अरब फौजांनी ते घेतले आणि आठव्या शतकाच्या मध्यानंतर ते फ्रँकांच्या ताब्यात आले. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने वेढा घातला असता कार्कास नावाच्या राणीने उरलासुरला गहू एका डुकराला खाऊ घालून त्याला तटावरून खाली फेकले आणि आत धान्याचा तुटवडा नाही असा शत्रूचा समज करून दिला, ही आख्यायिका नार्बोन दरवाजाजवळच्या राणीच्या शिल्पासमोर आजही सांगितली जाते. नगराचे नाव त्या राणीपेक्षा पुष्कळच जुने आहे. रोमन काळातच त्याला ‘कार्कासो’ म्हणत असत. वेढ्यात सापडलेल्या गडावरून शत्रूला चकवणाऱ्या युक्तीच्या गोष्टी आपल्याला अपरिचित नाहीत, त्यामुळे तिच्या खोटेपणापेक्षा तिच्या टिकाऊपणाचेच नवल वाटते.

मध्ययुगातील निर्णायक घटना १२०९ मधील. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे त्रांकाव्हेल घराण्याची सत्ता होती आणि बाराव्या शतकात त्यांनी पश्चिमेकडील तटाला लागून आपला वाडा, म्हणजे आजचा ‘शातो कोंताल’, बांधला होता. त्यांच्या मुलुखात कॅथर नावाचा ख्रिस्ती पंथ रुजला होता, ज्याला रोमचे चर्च पाखंड मानत असे. त्या पंथाच्या बंदोबस्तासाठी पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाची फौज २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात कत्तल करून ऑगस्टच्या सुरुवातीला कार्कासोनपुढे येऊन ठेपली. ऐन उन्हाळा, तटाच्या आत आसऱ्याला आलेली गर्दी आणि नदीकडची वाट तुटलेली, अशा स्थितीत नगर दोन आठवडेच तग धरू शकले. चोवीस वर्षांचा तरुण व्हायकाउंट रेमाँ-रोझे त्रांकाव्हेल बोलणी करण्यासाठी बाहेर गेला, तिथेच पकडला गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कैदेत मरण पावला. त्याचा मुलुख सिमाँ द माँफोर या सरदाराला मिळाला आणि १२२६ मध्ये नगर फ्रान्सच्या राजाच्या थेट अमलाखाली आले.

रेमाँ-रोझेच्या मुलाने १२४० मध्ये नगर परत घेण्याचा प्रयत्न केला. राजाच्या कारभाऱ्याने राणी ब्लांश हिला पाठवलेल्या अहवालातून त्या वेढ्याची हकीकत कळते: तटाच्या खाली भुयारे खणायची, लाकडी टेकू लावायचे आणि ते जाळून वरची भिंत कोसळवायची, ही वेढेकऱ्यांची पद्धत होती. वेढा फसला. तटालगतच्या वस्त्यांनी बंडखोरांना साथ दिली होती, म्हणून त्या वस्त्या जमीनदोस्त करण्यात आल्या आणि तिथल्या लोकांना काही वर्षांनी, १२४७ मध्ये, नदीपलीकडे नवे गाव वसवण्याची परवानगी मिळाली. खालच्या शहराचे काटकोनी, चौकटीचे रस्ते त्या वसाहतीची आठवण देतात. पडकोट बांधण्याचा, आतला तट उंचावण्याचा आणि लीस मोकळी करण्याचा सगळा उद्योग अशा वेढ्यांच्या भीतीतून, नवव्या लुईच्या आणि त्याचा मुलगा तिसरा फिलिप याच्या काळात झाला. अरागोनच्या राज्याशी असलेल्या सीमेवर एगिलार, केरिब्यूस, पेरपेर्त्यूझ, प्विलोराँ आणि तेर्म हे डोंगरी किल्ले कार्कासोनचे ‘पाच पुत्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले, तेही याच व्यवस्थेचे भाग.

या खर्चाचे चीज झाले असे म्हणता येते. इंग्लंडचा युवराज ब्लॅक प्रिन्स १३५५ मध्ये या भागात आला, त्याने खालचे शहर जाळले, पण वरच्या नगरावर हल्ला करण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

निरुपयोगी झालेला किल्ला

फ्रान्स आणि स्पेन यांच्यात १६५९ मध्ये पिरेनीजचा तह झाला आणि रूसियाँ प्रांत फ्रान्सकडे आल्याने सीमा एकदम दक्षिणेला सरकली. ज्या सीमेसाठी कार्कासोनचा एवढा खटाटोप होता ती सीमाच उरली नाही. पैसा आणि प्रतिष्ठा खालच्या, कापड विणणाऱ्या शहरात आधीच गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरच्या सें-नाझेर चर्चचा कॅथेड्रलचा मानही खालच्या सें-मिशेल चर्चकडे गेला. वरच्या नगरात गरीब विणकर राहिले. तटांमधल्या ज्या पट्ट्यात शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून एके काळी जमीन खरवडून काढली होती, तिथे शंभराहून अधिक घरे उभी राहिली, तटाचीच भिंत पाठीशी घेऊन. तटाचे दगड बांधकामासाठी जाऊ लागले. नदीकडच्या बाजूला वाडा आणि पाणी यांना जोडणारी मोठी गोलाकार जिभी, म्हणजे तटाबाहेरचे संरक्षक बांधकाम, होती, ती १८१६ मध्ये पाडली गेली.

या अवस्थेत दोन माणसे पुढे आली. ज्याँ-पिएर क्रोस-मेरव्येय हे वरच्या नगराशी नाते सांगणारे स्थानिक वकील आणि इतिहासाचे अभ्यासक होते. १८३९ मध्ये सें-नाझेर चर्चला लागून असलेल्या दालनात त्यांना तेराव्या शतकातील बिशप रादुल्फ यांची कोरीव समाधी सापडली आणि लोकांचे लक्ष पडझड झालेल्या नगराकडे वळले. दुसरे प्रॉस्पेर मेरिमे, जे साहित्यिक म्हणून अधिक प्रसिद्ध असले तरी १८३४ पासून ऐतिहासिक स्मारकांचे महानिरीक्षक होते आणि पद हाती येताच दक्षिणेच्या पाहणीवर निघून कार्कासोनला पोहोचले होते. त्यांच्याच पुढाकारातून १८४४ मध्ये सें-नाझेर चर्चच्या दुरुस्तीचे काम तरुण व्हियोले-ल-द्यूकला मिळाले. १८५० च्या जुलैमध्ये मात्र सरकारने कार्कासोनचे नाव लष्करी ठाण्यांच्या यादीतून वगळले, ज्याचा व्यवहारातील अर्थ तट मोडीत काढण्याची मुभा असा होता. गावाने आणि क्रोस-मेरव्येय यांनी जोराचा विरोध केला, निर्णय मागे घेतला गेला आणि १८५३ मध्ये सरकारी पैशाने तटबंदीचे काम सुरू झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हियोले-ल-द्यूकवर पुढे जी टीका झाली ती बहुतेक वेळा, त्याच्याऐवजी दुसरा कोणी अधिक संयमी माणूस असता तर, अशा गृहीतकावर उभी असते. प्रत्यक्षात त्या काळी समोर असलेला पर्याय संयमी दुरुस्तीचा नव्हता. तो दगडांच्या विक्रीचा होता.

काम आणि त्यातील चुका

व्हियोले-ल-द्यूकने जीर्णोद्धाराची जी व्याख्या १८६६ मध्ये छापली, तिचा आशय असा: इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिची निगा राखणे नव्हे, डागडुजी नव्हे, नव्याने बांधणेही नव्हे, तिला अशा पूर्णावस्थेला पोहोचवणे, जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वात नसेलही. आपल्या भाषेतील ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या व्याख्येच्या फार जवळ जातो हे मला नेहमी लक्षणीय वाटते. ‘डागडुजी’त वस्तू आहे तशी राहते; ‘उद्धार’ म्हटले की तिला वरच्या गतीला नेण्याचा हेतू आपोआप येतो.

काम पश्चिम आणि नैर्ऋत्येकडील तटापासून सुरू होऊन पुढे नार्बोन दरवाजाकडे गेले. कोसळलेल्या चर्या भरून काढल्या, बुरुजांचे मजले सावरले, वाड्याच्या तटावर लाकडी झरोकेवजा सज्जे पुन्हा बसवले, ज्यांच्या तळातील फटींतून पायथ्याशी आलेल्या शत्रूवर मारा करता येत असे, आणि बुरुजांना छपरे घातली. १८७९ मध्ये व्हियोले-ल-द्यूकचे निधन झाले. त्यानंतर पोल ब्वासविल्वाल्ड आणि मग आंरी नोदे यांनी त्याच्या आराखड्यांचा आधार घेत काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालवले. या साठ वर्षांत नेमका किती भाग नव्याने बांधला गेला याचे अंदाज बदलतात, पण ते सहसा तीस टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. ‘सगळे कार्कासोन एकोणिसाव्या शतकातले आहे’ हे वरचेवर ऐकू येणारे विधान म्हणूनच चुकीचे आहे. जे बदलले ते मुख्यतः भिंतीच्या वरच्या कडेला, आणि आकाशावर रेखलेली नगराची बाह्यरेषा त्या कडेनेच घडते. लांबून येणाऱ्याला दिसते ती व्हियोले-ल-द्यूकची रेषा. जवळ जाऊन भिंतीला हात लावणाऱ्याला लागतो तो बहुतांशी जुना दगड.

छपरांचा वाद असा. दक्षिण फ्रान्समधील घरांवर कमी उताराची, लालसर कौलांची छपरे असतात. व्हियोले-ल-द्यूकने पुष्कळ बुरुजांवर राखाडी पाटीच्या दगडाची, टोकदार शंकूसारखी छपरे चढवली, जी पाहणाऱ्याला उत्तर फ्रान्समधील वाड्यांची आठवण करून देतात. टीकाकारांनी याला उत्तरेची नक्कल म्हटले. पण हा निव्वळ लहरीपणा नव्हता. बुरुजांमध्ये पाटीच्या दगडाचे तुकडे सापडल्याचा आधार त्याने दिला होता, आणि तेराव्या शतकातील बांधकाम उत्तरेकडून आलेल्या राजाच्या अधिकाऱ्यांनी करवून घेतलेले असल्यामुळे छपरेही त्यांच्या पद्धतीची असणार, हा त्याचा तर्क होता. पाटीचा दगड जवळच्या माँतान्य न्वारमध्ये मिळतोही. राजाच्या काळातील बुरुजांपुरता हा तर्क अगदी टाकाऊ नाही. तो खचतो तो रोमन बुरुजांवर तेच टोकदार टोपडे चढवले तेव्हा. आणि याचे मूळ दुसऱ्याच एका चुकीत आहे, कारण त्या काळच्या अभ्यासकांप्रमाणे तोही नालाच्या आकाराचे हे बुरूज व्हिसिगॉथांचे समजत होता.

याच समजुतीचा आणखी एक पुरावा सें-नाझेर चर्चच्या पश्चिम दर्शनी भागावर आहे. तो भाग व्हिसिगॉथ तटबंदीचा अंश असावा असे मानून व्हियोले-ल-द्यूकने चर्चच्या माथ्यावर किल्ल्यासारख्या चर्या बसवल्या. पोप अर्बन दुसरा याने १०९६ मध्ये ज्या चर्चच्या बांधकामाला आशीर्वाद दिला, ज्याचे सभागृह जुन्या रोमनेस्क घडणीचे आणि पूर्वेकडचा भाग गॉथिक घडणीचा, रंगीत काचांच्या उंच खिडक्यांनी उजळलेला आहे, त्याच्या कपाळावर ही लढाऊ पट्टी खटकते. छपरांच्या बाबतीत निदान वाद घालता येतो. इथे सरळसरळ चूक आहे. अन् १८१६ मध्ये पाडलेल्या जिभीच्या जागी काय झाले? तिथे सें-झिमेर नावाचे नवे चर्च उभे राहिले, आणि त्याचा आराखडा जीर्णोद्धाराच्या याच पुरस्कर्त्याने केला.

या कामाची एक किंमत मात्र छपरांच्या वादात क्वचितच हिशेबात धरली जाते. लीसमधील विणकरांची घरे टप्प्याटप्प्याने ताब्यात घेऊन पाडली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो पट्टा मोकळा झाला. तेराव्या शतकाची शुद्ध रेषा मिळवण्यासाठी सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या वस्तीचा थर खरवडून टाकला गेला. १२४० नंतर राजाने तटालगतच्या वस्त्या संरक्षणासाठी हलवल्या होत्या. सहाशे वर्षांनंतर त्याच तटालगतची माणसे त्याच्या सौंदर्यासाठी हलवली गेली. आज लीसमध्ये गवतावरून मोकळेपणाने चालता येते ते यामुळे, आणि इथल्या दगडांवर चुलींचा धूर कधी होता याची खूण शोधावी लागते.

आक्षेप आणि उलटी दुरुस्ती

इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच, म्हणजे कार्कासोनच्या तटाचे काम सुरू होण्यापूर्वी, जीर्णोद्धार या कल्पनेलाच खोटेपणा ठरवले होते. विसाव्या शतकात जाणकारांचे मत हळूहळू त्या बाजूला झुकले. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, दोन तत्त्वे मांडली गेली, ज्यांचा इथे थेट संबंध येतो: अनुमान जिथे सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि इमारतीवर सर्व काळांनी घातलेली योग्य भर जपली पाहिजे, कारण शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नव्हे. पहिले तत्त्व व्हियोले-ल-द्यूकला दोषी धरते. दुसरे, नीट वाचले तर, त्याचे काम पाडणाऱ्यालाही दोषी धरते.

नेमके त्याच दशकात कार्कासोनला उलटी दुरुस्ती झाली. उत्तरेकडील रोमन बुरुजांवरची पाटीच्या दगडाची टोकदार छपरे काढून तिथे कमी उताराची कौलारू छपरे बसवण्यात आली. ऐतिहासिकदृष्ट्या रोमन बुरुजांना ही छपरे अधिक शोभतात यात शंका नाही. तरीही हे काम मला पहिल्यापेक्षा अधिक प्रश्नास्पद वाटते. व्हियोले-ल-द्यूकसमोर उघडे, पावसात झिजणारे बुरूज होते आणि त्यांच्यावर काही ना काही छप्पर घालणे भागच होते. शंभर वर्षांनंतरच्या दुरुस्तीकारांसमोर एक पूर्ण, चांगल्या स्थितीतील, तारखेनिशी नोंदलेले काम होते, आणि ते बदलून त्यांनी जे बसवले तेही अखेर अनुमानच. एका अनुमानाच्या जागी अधिक विद्वान अनुमान आले, आणि त्या भरात एकोणिसाव्या शतकाचा अस्सल पुरावा तेवढ्या भागापुरता नाहीसा झाला.

यादीतील नोंद

१९८५ च्या वेळी प्रस्तावातील मुख्य दावा मध्ययुगीन नगराचा होता, आणि त्या दाव्याला छपरांनी बाधा येत होती. १९९७ च्या नोंदीत दावाच बदलला. त्यात मध्ययुगीन तटबंदी आहेच, पण तिच्याबरोबर एकोणिसाव्या शतकातील जतनाचा प्रयोगही वारसा म्हणून मांडला आहे. काहींना ही पळवाट वाटते: जी चूक निस्तरता येत नाही तिलाच वारसा ठरवायचे. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पॅरिसमध्ये आहे. तिथल्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळलेले शिखर मध्ययुगीन नव्हते, तर व्हियोले-ल-द्यूकने १८५९ मध्ये उभारलेले होते. ते पुन्हा बांधताना आधुनिक आराखड्यांच्या बऱ्याच कल्पना पुढे आल्या, परंतु २०२० मध्ये निर्णय झाला तो व्हियोले-ल-द्यूकचे शिखर जसेच्या तसे उभारण्याचा. कार्कासोनच्या नोंदीने जे तत्त्व मान्य केले होते, त्याचाच तो अवलंब होता.

मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाल्यापासून, जोती तेवढी उरलेल्या वाड्यांवर पुन्हा इमले चढवावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्याकडेही अधिक आग्रहाने विचारला जातो. कार्कासोनचे प्रकरण त्याला थेट उत्तर देत नाही, कारण व्हियोले-ल-द्यूकच्या कामाला आज मिळालेले मोल त्याच्या अचूकतेचे नसून दीडशे वर्षांच्या जुनेपणाचे आणि त्या काळच्या विचाराची साक्ष देण्याचे आहे. आज केलेल्या पुनर्रचनेला ते मोल आगाऊ मागता येत नाही.

नोंदीनंतर नगराला झळ लागली ती मुख्यतः गर्दीची. मुख्य गल्लीत प्लास्टिकच्या तलवारी, शिरस्त्राणे आणि साबणाच्या वड्या विकणाऱ्या दुकानांमधून वाट काढताना वरच्या कमानींकडे पाहण्याची उसंत मिळत नाही. १४ जुलैच्या रात्रीची आतषबाजी, जी १८९८ पासूनची परंपरा आहे, ती पाहायला नदीकाठ भरून जातो. आणि २०१८ मध्ये, नोंदीला वीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, फेलिचे वारिनी या कलावंताने पश्चिमेकडील तट आणि बुरुजांवर पिवळी समकेंद्री वर्तुळे चिकटवली. पातळ रंगवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची ही वर्तुळे एका ठरावीक जागेवरूनच पूर्ण दिसत. अन्यत्र ती तुकड्यांत विखुरत. गावकऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना विद्रूपीकरण म्हटले, सह्यांचे अर्ज निघाले, आणि पट्ट्या काढल्यावर दगडांवर उरलेले पिवळसर डाग साफ करायला अपेक्षेहून बराच अधिक वेळ लागला. त्या वादात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली: लोक ज्या बाह्यरेषेला धक्का लागला म्हणून संतापले होते, त्या रेषेत पाटीच्या दगडाची ती टोकदार छपरेही होती, आणि त्यांना कोणीही परके म्हणत नव्हते.

उत्तरेच्या बाजूने तटाखालून चालत गेले की आजही कौलारू आणि पाटीच्या दगडाची छपरे एकाच फेरीत दिसतात. खाली विटांच्या पट्ट्यांची रोमन भिंत आहे, आणि काही पावलांवर तिच्या पोटाखाली तेराव्या शतकाच्या गवंड्यांनी भरलेला पाया.